पाडव्याआधीची निगा

शिमग्याची राख थंड झाली की पाडव्यापर्यंत जेमतेम पंधरवडा उरतो. कोकणपट्टीतल्या घरांसाठी हा पंधरवडा फार मोलाचा. थंडी सरलेली असते, वैशाखाचा वणवा अजून दूर असतो, भिंती आतपर्यंत वाळलेल्या असतात, विहिरीत पाणी असतं आणि अंगात कामाची उमेद असते. थंड मुलखात वसंत आला की माणसं दारं-खिडक्या सताड उघडतात आणि हिवाळ्यात साचलेली कोंदट हवा बाहेर घालवतात. तिथला वसंत सरलेल्या हिवाळ्याची आवराआवर करतो. आपल्या वसंताची नजर पुढे लागलेली असते. पुढे ऊन आहे आणि उन्हामागे पाऊस. घराची डागडुजी आणि परसातली लावणी, दोन्ही कामांचं वेळापत्रक आपल्याकडे तो येणारा पाऊसच ठरवतो.

ठाण्याहून भिवंडीकडे निघालं की कशेळी, काल्हेर, कोपर मागे टाकत आपण पूर्णा गावात पोहोचतो. पुढे राहनाळ आणि मग अंजूरफाटा. हा सगळा पट्टा मूळचा भातशेतीचा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवायला सोयीचा, म्हणून इथे गोदामं उभी राहू लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या आराखड्यात पूर्णा नावाचं स्थानकही आहे. त्यामुळे जमिनीचा विषय निघाला की भावाचा विषय निघतो. १०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे गणित इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

या हिशेबाला नावं ठेवण्याचं कारण नाही. अनेक घरांतली शिक्षणं, लग्नं, दुखणी-खुपणी याच जमिनीच्या पैशातून निभावली आहेत. पण ज्या घरात आपण राहतो आणि त्याच्या मागे-पुढे जी चार हात मोकळी जागा उरली आहे, तिच्याकडे बघण्याची आणखी एक रीत आहे. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर नाव लागलं की जागा कागदोपत्री आपली दिसते. तिच्याशी आपली ओळख व्हायची तर वर्षातून एकदा तरी तिच्यावर स्वतःचा हात फिरायला हवा. कुठली भिंत घाम धरते, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठल्या मातीत गांडूळ सापडतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याचंच ते घर. पाडव्याआधीची कामं ही ओळख करून देतात, म्हणून ती मजुराच्या हाती सोपवली तरी स्वतः सोबत उभं राहावं.

सुरुवात वरून करावी, कारण पाणी वरून येतं. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे ५०० चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात लाखाहून जास्त लिटर पाणी कोसळतं. घराच्या डोक्यावरून एवढं पाणी दरवर्षी वाहून जातं आणि ते अडतं कुठे, तर पन्हाळीत साचलेल्या मूठभर पाल्यापाशी. छप्पर पत्र्याचं असेल तर प्रत्येक बोल्टखालचं वॉशर बघावं. उन्हानं ते तडकतं आणि तिथूनच गळती सुरू होते. कौलं असतील तर फुटकी बदलावीत, सरकलेली बसवावीत. गच्ची असेल तर पाणी जाण्याचं तोंड बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवावं आणि खालच्या खोलीत जाऊन छताकडे बघावं. ओल जिथे उमटेल तिथेच दुरुस्ती. जुन्या, सळया उघड्या पडलेल्या गच्चीवर मात्र हा प्रयोग करू नये, तिला पाण्याचं ओझं सोसणार नाही.

भिंतीवर पोपडे दिसले की पहिला विचार रंगाचा येतो. रंगानं ओल झाकली जाते, जात नाही. आधी ती येते कुठून हे शोधावं. साध्या प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा घ्यावा, भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे दव साचलं तर ओल भिंतीतून येते आहे. वरच्या बाजूला, खोलीकडे साचलं तर खोलीत हवा खेळत नाही. पहिल्या प्रकाराला गवंडी हवा, दुसऱ्याला नुसती खिडकी उघडणं पुरतं. दोन दिवस थांबण्याची तयारी असली की पुष्कळसा वायफळ खर्च टळतो.

भेगांच्या बाबतीत मात्र थांबू नये. गिलाव्यावरची केसासारखी बारीक भेग लांबी भरून बुजते. पण भेग खांबाच्या किंवा तुळईच्या अंगानं उभी-आडवी धावत असेल, तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ येत असेल, काँक्रीटचा टवका फुगून सुटला असेल, तर आतली सळई गंजते आहे असं समजावं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडत बाहेर येतं. वरून कितीही सिमेंट थापलं तरी ते थांबत नाही. तिथे जाणकार इंजिनिअरलाच बोलवावं लागतं.

हे सांगताना भिवंडीच्या माणसाला २१ सप्टेंबर २०२० ची पहाट आठवते. धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत माणसं झोपेत असताना कोसळली आणि चाळिसेक जीव गेले. पूर्ण्याहून धामणकर नाका काही फार लांब नाही. महापालिकेच्या हद्दीत ३० वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. गावातल्या घराला कुणाच्या नोटिशीची वाट बघायची गरज नसावी. आपल्या घराचं वय आपल्याला माहीत असतं. पहिला स्लॅब कधी पडला, वरचा मजला कधी चढला, हे घरातली म्हातारी माणसं तारखेनिशी सांगतात. तीस वर्षं उलटली असतील तर यंदा रंगाचे पैसे तपासणीवर खर्च करावेत. डागडुजी ही हौस वाटत असली तरी तिच्या मुळाशी घरातल्या माणसांच्या जिवाची काळजी आहे.

उरल्यासुरल्या कामांत चुना येतो. कमी खर्चाचा आणि गुणी. रात्रभर भिजवून, गाळून, दोन हात दिले की भिंत उजळते आणि चुन्याच्या क्षारामुळे बुरशीला सहजी थारा मिळत नाही. गच्चीवर पांढरा हात दिला तर ऊन परावर्तित होतं आणि खालची खोली कमी तापते. उष्णतेच्या लाटांशी झगडणाऱ्या अहमदाबाद शहरानं हीच साधी गोष्ट गरीब वस्त्यांच्या छपरांसाठी मोहीम म्हणून हाती घेतली. पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबांसाठी, यंत्रमागावर रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या भाडेकरूंच्या खोल्यांसाठी ती आपणही उचलायला हवी. आपली खोली रंगवताना भाडेकरूच्या छपरावरही दोन बादल्या चुना जावा. त्याच्या झोपेचीही आपल्याला चाड असावी.

घराची कामं उरकत आली की पाऊल मागच्या दारी वळतं. परस घरापासून वेगळं नाही, हे इथे उमगतं. जी पन्हाळ आपण साफ केली तिचंच पाणी जूनमध्ये वाफ्यात जाणार आहे. मोरीतलं साबणाचं पाणी बाजूला काढलं तर तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी निवडताना वापरलेलं पाणी आजपासून रोपांना घालता येतं. भिंतीलगत पाणी जिरू दिलं तर पायाला ओल लागते, म्हणून वाफा भिंतीपासून दोन हात सोडून. घराचं आणि बागेचं पाणी एकाच डोक्यानं बघावं लागतं.

पूर्ण्यासारख्या गावात मातीची परीक्षा आधी करावी लागते. कुदळ मारली की वीतभर खाली मुरूम, विटांचे तुकडे, कधी सिमेंटचा गोळा लागतो, कारण बरीचशी जागा भरावाची आहे. खाडीच्या बाजूला मातीत खारटपणाही असतो. अशा ठिकाणी खोल खणत बसण्यापेक्षा जमिनीच्या वर वीत-दीड वीत उंचीचा वाफा करावा. खाली सुका पाला, नारळाच्या शेंड्या, त्यावर कुजलेलं शेणखत आणि चांगली माती. उन्हाळ्यात वर पेंढ्याचं आच्छादन घातलं की पाणी कमी वेळा द्यावं लागतं आणि खारटपणाही कमी वर चढतो.

गोदामांच्या गावात एक सोय आयती मिळते. माल उतरल्यावर टाकून दिलेली लाकडी पॅलेट्स पुष्कळ मिळतात आणि त्यांच्या फळ्यांचे सुबक वाफे होतात. पण फळी उचलण्याआधी तिच्यावरचा शिक्का वाचावा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते भाजीला नको. तीच गोष्ट निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांची. आत आधी काय होतं हे खात्रीनं सांगता येत नसेल तर ते स्वस्तातलं पिंप महागात पडेल. पोटात जाणाऱ्या भाजीची निगा तिच्या मातीपासून आणि कुंडीपासून सुरू होते.

या दिवसांत काय लावावं? भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, लाल माठ. वेलांसाठी हातभर रुंद आळं करावं, बी रात्रभर भिजत घालावं, कारल्याचं कवच जाड म्हणून त्याला पुरा दिवस द्यावा. एका आळ्यात तीन-चार बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोचाव्यात. उबदार मातीत आठवड्याच्या आत-बाहेर कोंब दिसतो. नंतर सशक्त दोन रोपं ठेवून बाकीची काढून टाकावीत. हे काढून टाकणं जड जातं, पण चारही ठेवली तर चारही रोडावतात. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडायला येते, म्हणजे आज टोचलेलं बी मेच्या सुरुवातीला ताटात. ती एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते आणि झाड नवी फळं धरेनासं होतं. चैत्र-वैशाखात हळद, आलं, सुरण, अळू. मृगाच्या आधी मांडव तयार ठेवावा म्हणजे शिराळी, घोसाळी, पडवळ पावसाबरोबर चढतात. मांडवाला बांधायला सुती चिंध्या उत्तम. त्या वेलाला काचत नाहीत, आणि यंत्रमागांच्या भिवंडीत चिंध्यांना काय तोटा!

दुधीच्या वेलाशी एक संध्याकाळ आवर्जून घालवावी. त्याची पांढरी फुलं उन्हं उतरल्यावर उमलतात. लांब, बारीक देठावर येतं ते नर फूल. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, लवदार, इवलासा दुधी आधीच असतो. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, तेव्हा वेल वांझ आहे असं समजून उपटू नये. मादी फूल आलं आणि त्याला पराग मिळाला नाही की तो इवला दुधी दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. सिमेंट आणि पत्र्याच्या वस्तीत कीटकांची ये-जा कमी असेल तर हे काम आपण करावं. नर फूल देठासकट खुडावं, पाकळ्या मागे सारून परागाचा दांडा मोकळा करावा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. पाच-सहा दिवसांत देठ जाड होतो, फळ हिरवंगार चकाकू लागतं. एवढ्या कामाला मिनिटभर लागतं, पण ते त्याच संध्याकाळी करावं लागतं. परसबाग माणसाला शिकवते ती हीच वेळेवर हजर राहण्याची सवय. घराच्या डागडुजीलाही तीच लागते.

फळमाशी डंख करील, मावा पडेल, पानं वळतील. म्हणून लगेच दुकानातलं औषध आणायला धावू नये. डंखलेली फळं रोज वेचून खोल पुरावीत, कोवळ्या फळांवर कागदाची पिशवी चढवावी. पाडव्याला ज्या कडुलिंबाचा पाला आपण खातो, त्याच्याच निंबोळ्या उन्हाळा सरताना झाडाखाली पडतात. त्या वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवल्या आणि गाळून फवारल्या की घरच्या बागेपुरतं भागतं. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसच लागतात. बाग फुलली आणि घर आजारी पडलं, असं होता कामा नये.

आणि बी. भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा, ही या पट्ट्याची जुनी रीत. त्यातलं निवडक बी उन्हात खडखडीत वाळवून राखेत ठेवलं जाई. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच घरगुती काम वर्षानुवर्षं निष्ठेनं केलं. वालाचे आणि भाज्यांचे कितीतरी गावठी वाण त्यांनी जपले, वाटले, आणि २०२० साली देशानं त्यांना पद्मश्री दिली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर ‘प्रयोग परिवार’ उभा करून सांगत राहिले की नेमकं निरीक्षण केलं तर दहा गुंठ्यांत कुटुंब सुखानं नांदू शकतं. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर फळं-भाज्या पिकवल्या. एकीकडे डोंगरातलं खेडं, दुसरीकडे बंदरातली सिमेंटची गच्ची. जमीन किती आहे यापेक्षा तिच्याकडे रोज कुणाचं लक्ष आहे, हेच या तिघांच्या कामात निर्णायक ठरलं. पूर्ण्याच्या परसाला निराश होण्याचं काहीच कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं सांगते. चार वाफ्यांतून कुटुंबाची एवढी गरज भागणार नाही, बाजारात जावंच लागेल. तरीही परसातल्या दोन जुड्या माठाचं मोल वेगळं आहे. त्या कुणी, कधी, कशावर वाढवल्या हे खाणाऱ्याला माहीत असतं. घरातल्या आजीला पुन्हा सल्ला विचारला जातो. मुलाला कळतं की काकडी पिशवीत उगवत नाही. मांडवावर जास्त लागलं की शेजारी जातं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे जातं, आणि ज्याच्या भाषेत आपल्याला चार वाक्यंही नीट येत नाहीत त्याच्याशी घोसाळ्याच्या निमित्तानं बोलणं सुरू होतं. गोदामांच्या भिंतींमुळे तुटलेली शेजारधर्माची वाट अशी थोडी तरी रुळते.

आयुष्यातली बरीच दुःखं मोठ्या संकटांतून येतात असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर पुष्कळशी लहानशा दुर्लक्षातून वाढत आलेली असतात. तडकलेलं वॉशर, बुजलेली पन्हाळ, न तोडलेली भेंडी, न केलेली चौकशी. निगेनं सगळी संकटं टळत नाहीत. पण जी टळण्यासारखी आहेत ती वेळेवर, थोडक्या श्रमात आणि आपल्याच हातानं टळतात. ज्याला घराची भेग दिसते त्याला घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताणही लवकर दिसू लागतो, कारण दोन्हीकडे बघणारी नजर एकच असते.

तेव्हा पाडव्याची वाट न बघता आजच एवढं करा. उन्हं कलली की छपरावर किंवा गच्चीवर चढा, पन्हाळ हातानं साफ करा आणि जिथे शंका येईल तिथे खडूची खूण करा. खाली उतरून मागच्या दारी एक आळं करा आणि रात्री चार बिया भिजत घाला. मुलांना सोबत घ्या, वडीलधाऱ्यांना विचारा. गुढी ज्या दारात उभी राहणार आहे, ते घर आणि त्यामागची माती तिच्या आधी सांभाळलेली असू द्या.